पोरांच्या चित्रात ऊस का नाही?

(लेखक कार्यक्षेत्रातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक आहेत.)

आपल्या कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही शाळेत जा. चौथी-पाचवीच्या मुलांना एकेक कागद द्या आणि सांगा, "मनाला येईल ते चित्र काढा." अर्ध्या तासाने कागद गोळा करा. बहुतेक सगळे एकाच छापाचे निघतील. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाहत येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी वाकलेले नारळाचे झाड आणि आभाळात दोन-दोन फराट्यांचे पक्षी.

आता जरा विचार करा. हे चित्र काढणाऱ्या मुलाच्या घरापासून दहा पावलांवर उसाचा फड आहे. दारात बैल नाहीतर ट्रॅक्टर आहे. विहीर आहे, मोटारीची पेटी आहे, पाटाचे पाणी आहे, परसात वैरणीची गंजी आहे. हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या त्याच्या दारावरून जातात. कारखान्याची चिमणी तर गावाच्या कुठल्याही माळवदावरून दिसते. यातले काही म्हणजे काही चित्रात नाही. आणि जो नारळ त्याच्या गावात शोधावा लागेल, तो मात्र प्रत्येक कागदावर उभा! मुलाला विचारावे, "हे गाव कुठलं रे?" तर ते म्हणते, "कुठलं नाही सर, चित्रातलं गाव आहे."

म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची पक्की समजूत झालेली असते, की चित्रातले गाव वेगळे आणि आपले गाव वेगळे. आपले घर, आपले रान, आपल्या आईबापाचे काम या गोष्टी कागदावर काढण्याच्या लायकीच्या नाहीत. ही समजूत साधी नाही. ज्या पोराला आपले रान चित्रात काढावेसे वाटत नाही, त्याला उद्या त्या रानात उभे राहावेसे वाटेल का, हा प्रश्न सभासद बंधू-भगिनींनी स्वतःला विचारावा, म्हणून हा लेख.

ही नक्कल येते कुठून?

मूल जन्मतः नक्कल करीत नाही. दीड-दोन वर्षांचे पोर कोळशाचा तुकडा सापडला की भिंतीवर रेघोट्या मारते. आपण रागावतो, पण तो त्याच्या हाताचा पहिला अभ्यास असतो. तीन-चार वर्षांचे झाले की ते माणूस काढते. एक गोल, त्यात दोन डोळे आणि गोलातूनच फुटलेले दोन पाय. पोट नाही, मान नाही. जगाच्या पाठीवर कुठेही जा, लहान मुलांचा पहिला माणूस बहुधा असाच असतो.

सात ते नऊ या वयात कागदाच्या तळाला एक आडवी रेघ येते. ती जमीन. तिच्यावर सगळे ओळीने उभे असतात. घर काढले तर भिंत आरपार दिसते. आत चूल, चुलीपुढे आई, कोपऱ्यात कणगी. आणि जे मनाला मोठे ते कागदावर मोठे. लाडका बैल घराएवढा आणि त्याला धरणारा चुलता त्याच्या शिंगाएवढा! याला चूक म्हणू नये. या वयाचे मूल दिसते ते काढीत नाही, माहीत असते ते काढते. घरात चूल आहे हे त्याला माहीत आहे, मग भिंत आड आली म्हणून ती का सोडावी?

खरी अडचण नऊ ते बारा या वयात येते. आता मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते. ते खोडरबर मागते, काढते, खोडते, पुन्हा काढते. बैलाचा पाय जमत नाही, गाडीचे चाक वाकडे येते, शेजारचा हसतो. "मला चित्र येत नाही" हे वाक्य मूल पहिल्यांदा म्हणते ते याच वयात. त्या वेळी जवळ बसून "चल, बैलाचा पाय खरंच कसा वाकतो ते बघू" म्हणणारा कुणी भेटला, तर मूल पुढे जाते. नाही भेटला तर ते सोपी वाट धरते. फळ्यावरचे, पुस्तकातले, थोरल्या भावाच्या वहीतले तयार चित्र उचलते. दोन डोंगर, एक सूर्य. त्याला कुणी हसत नाही, मास्तर शेरा देतात, आई कौतुक करते. तिथून पुढे ते मूल आयुष्यभर तेच एक चित्र काढते. आपल्यापैकी अनेकांना आजही तेवढेच एक चित्र येते. खोटे वाटत असेल तर आज रात्री पेन्सिल घेऊन बघा.

वयाचे हे टप्पे व्हिक्टर लोवेनफेल्ड या मूळच्या ऑस्ट्रियातील आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या शिक्षकाने १९४७ साली पुस्तक लिहून नीट मांडले. रंग भरण्याच्या तयार पुस्तकांवर त्याचा राग होता. त्याने दिलेला दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका मुलाने आपल्या मनाने पक्षी काढले. मग त्याला छापील पक्ष्यांत रंग भरायला दिले. त्यानंतर पुन्हा पक्षी काढायला सांगितले, तेव्हा त्याचे स्वतःचे पक्षी गेले होते आणि छापील पक्षी कागदावर आले होते. तयार चित्र मुलाला एवढेच शिकवते, की तुझ्यापेक्षा छापखान्याला जास्त कळते.

याच्याही आधी, १८९७ साली व्हिएन्ना शहरात फ्रांझ सिझेक नावाच्या चित्रकाराने मुलांसाठी वेगळा चित्रवर्ग काढला. त्या वेळी शाळेत चित्रकला म्हणजे मास्तरांनी दिलेल्या नमुन्याची हुबेहूब प्रत करणे असा सर्वत्र रिवाज होता. सिझेकने नमुना बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितले, तुमचे तुम्ही काढा. मुलांचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची प्रत नसून ती स्वतंत्र गोष्ट आहे, हा विचार तिथून युरोपभर पसरला.

सेवाग्रामचा दाखला

कुणी म्हणेल, हे परदेशातले काय सांगता? तर आपल्याच राज्यातले सांगतो. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे चरखा, शेती, सुतारकाम. पण या कामकरी शाळेत चित्रकलेचा वर्गही होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. आग्रह एवढाच, की खेड्यात मिळेल ते वापरावे. नंदबाबूंनी बांबू, चटया असे तिथलेच साहित्य घेऊन सगळा परिसर सजवला. खेड्यातल्या वस्तूंत सौंदर्य आहे, ते बघणारा डोळा पाहिजे, हे हजारो शेतकऱ्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिले.

याच नंदबाबूंचे एक शिष्य देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहून त्यांनी नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवली. ते स्वतः चित्रकार होते आणि कुंभारकामातही वाकबगार होते. सूत कातणारी, शेतात राबणारी ती मुले. त्यांच्या कामाच्या शिक्षणाला चित्राची जोड देण्याचे काम देवी प्रसाद यांनी अठरा वर्षे केले. त्या अनुभवावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच असा, की कला हा शिक्षणाचा पाया आहे. पायाला जे लागते ते घर बांधून झाल्यावर उरल्यासुरल्या पैशातून करता येत नाही, हे सभासदांना वेगळे सांगायला नको.

आपला माणूस चित्रात आला तेव्हा

आणखी जवळ येऊ. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून नेमले. या माणसाने निसर्गचित्रे काढली ती कुठली? रंकाळ्याची, कोटितीर्थाची, पंचगंगेच्या परिसराची. रोज ज्या वाटेने लोक जनावरे घेऊन जात होते, त्याच वाटेची. १९३१ साली ते गेले, पण त्यांची चित्रे आजही मोठ्या मानाने पाहिली जातात.

कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर. कारागिराच्या घरात १८९० साली जन्म. कुठल्या कलाशाळेची पदवी नाही. सुतारकामाच्या घरात हात तयार झाला. त्याच हाताने त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्याची गोष्ट कुणाची, तर सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावलेल्या आणि शेवटी गिरणीत मजुरी करायला शहरात गेलेल्या शेतकऱ्याची. पडद्यावर बहुतकरून देव आणि राजे दिसायचे त्या काळात बाबूरावांनी पडद्यावर कुणबी आणला. आपले जगणे चित्रात काढण्याजोगे आहे, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा?

एका तासाची हकिकत

एका हिवाळ्यात सहावीच्या वर्गाला मी नियम घातला. डोंगर नाही, नारळ नाही, सूर्य नाही. विषय एकच, उसाची तोड. पट्टी आणि खोडरबर माझ्या टेबलावर जमा.

पहिली दहा मिनिटे वर्ग नुसता बसून होता. मग एकेकाने सुरुवात केली. बागायतदारांच्या बहुतेक पोरांनी ऊस बाहेरून काढला. बांधावर उभे राहिल्यावर दिसतो तसा, हिरव्या उभ्या रेघांची भिंत आणि पुढे ट्रॉली. एका मुलीने वजनकाट्यावरची गाड्यांची रांग काढली. तिच्या वडिलांची गाडी लाल रंगाने वेगळी आणि सगळ्यांत पुढे! प्रत्यक्षात ती किती तास मागे उभी असेल ते ती जाणे.

त्या वर्गात हंगामापुरता आलेला एक मुलगा होता. आईबाप तोडीला आलेले, मुक्काम कारखान्याजवळच्या कोप्यांत. वर्गात तो फारसा बोलत नसे, गणितात मागे पडलेला. त्याने ऊस आतून काढला होता. कागदाच्या खालच्या भागात जमिनीतून वर आलेली तासलेली बुडखी, त्यांच्यात माणसांची अनवाणी पावले, वर पात्यांची एकमेकांत गुंतलेली गर्दी आणि त्या गर्दीत ट्रॅक्टरच्या दिव्याचा एक पिवळा झोत. दिवस नव्हताच, पहाटेची तोड होती. कागदाच्या मध्यभागी एक बाई, डोक्यावर मोळी. मोळी तिच्यापेक्षा दुप्पट मोठी. बाईला तोंडच काढलेले नव्हते.

मी विचारले, "तोंड राहिलं का रे?"

तो म्हणाला, "नाही सर. मोळीखाली हाये. दिसत नाही."

ते चित्र मी वर्गापुढे धरले. कुणी हसले नाही. ज्याच्या घरचा ऊस त्या आठवड्यात तुटत होता तो बागायतदाराचा मुलगा उठून जवळ आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने विचारले, "पहाटे किती वाजता जाता तुम्ही?" एकाच वर्गात दोन महिने बसून या दोघांचे हे पहिले बोलणे. आपला ऊस आपल्या घरात साखर होऊन येतो, पण तो तोडणाऱ्याच्या घरात काय असते हे त्या पोराला भाषणातून कधी कळले नसते.

हंगाम संपला, कोप्या मोडल्या, तो मुलगा गेला. ते चित्र मी त्याच्याजवळच दिले. मुलाला वाटते ते बोलता येत नाही, लिहिता येत नाही, तेव्हा ते काढून सांगता येते. चित्रकलेच्या तासाचे पहिले काम हे आहे. हात वळणे, रंग जमणे ही कामे त्याच्या मागून येतात.

"चित्र काढून पोट भरतं का?"

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. उत्तरही सरळ देतो. चित्रकला शिकणारे प्रत्येक पोर चित्रकार होणार नाही, होऊही नये. गणित शिकणारे प्रत्येक पोर तरी कुठे गणिती होते? मोजायला यावे म्हणून गणित, तसे बघायला यावे म्हणून चित्र.

बघणे म्हणजे काय, ते शेतकऱ्याला मी काय सांगावे! उसाची खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी पडले असेल आणि वरची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता असेल, हे आपण फडाच्या कडेने चालता चालता ओळखता. सहज नजर टाकणाऱ्याला सगळा फड एकाच हिरव्या रंगाचा दिसतो. आपल्याला त्यात चार-पाच हिरवे दिसतात. ही नजर पुस्तकातून येत नाही, नीट पाहून पाहून येते. मुलाला पेटीतल्या एका हिरव्या कांडीने सगळा ऊस रंगवू न देता, "कोंबाचा हिरवा आणि पात्याचा हिरवा सारखा आहे का, जाऊन बघून ये" असे सांगितले, की त्याच नजरेची पेरणी सुरू होते. पुढे ते मूल शेती करो, डॉक्टरकी करो की यंत्रावर काम करो, बारीक फरक ओळखणारा डोळा त्याला उपयोगी पडणारच.

दुसरे असे, की चित्राच्या कोऱ्या कागदावर उत्तर आधीपासून लिहिलेले नसते. गाडी कुठे काढायची, किती मोठी, आधी काय, मागून काय, हे मुलाला स्वतः ठरवावे लागते आणि निभवावे लागते. शाळेच्या दिवसभरात अशी संधी त्याला दुसऱ्या किती तासांत मिळते, ते बघा.

रेखाकला परीक्षेविषयी

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आपल्याकडची पुष्कळ मुले देतात. या परीक्षांमुळे खेड्यातल्या पोरांच्या हाती ब्रश आला, शिस्त आली, वस्तुचित्र आणि अक्षरलेखन यांचा सराव झाला, हे मान्यच केले पाहिजे. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचाही आधार आहे. तेव्हा परीक्षेला जरूर बसवावे.

पण परीक्षेसाठी चित्रे पाठ करण्याची जी रीत पडली आहे ती घातक आहे. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढणे. त्यासाठी डोक्यावर घागर घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, धावणारा मुलगा अशा पाच-सहा आकृत्या पाठ करायच्या आणि बाजार आला काय, जत्रा आली काय, त्याच आकृत्या ठिकठिकाणी बसवायच्या! अशाने श्रेणी मिळेल, पण स्मरण कुठे राहिले? ज्या मुलाने आठवडाबाजारात बसून तासभर नुसते बघितले आहे, त्याला आकृत्या पाठ कराव्या लागत नाहीत. भाजीवाली तराजू कशी धरते, कोंबडी विकणारा कसा उकिडवा बसतो, हे त्याच्या हाताला आपोआप आठवते.

साहित्य आपल्या दारातच

रंग महाग, कागद महाग, ही सबब लहान वर्गांना तरी लागू नाही. कागद म्हणून जुन्या दिनदर्शिकेची कोरी बाजू, मोठ्या पाकिटांचा आतला भाग, एका बाजूने वापरलेले कागद चालतात. लहान मुलाला कागद मोठा द्यावा. त्याचा हात खांद्यापासून फिरतो.

रंगासाठी गेरू, पांढरी खडूमाती, चुलीतला कोळसा, हळद, कपड्याची नीळ एवढे पुरे. बाभळीचा स्वच्छ डिंक रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून घ्यावा आणि त्या पाण्यात रंगाची वस्त्रगाळ पूड खलावी. बाजारातल्या जलरंगातही रंगाला कागदावर धरून ठेवायला डिंकच असतो. हळदीला चुन्याची निवळी लागली की तांबडा रंग होतो. हा चमत्कार मुलांना फार आवडतो, मात्र चुना मोठ्यांनीच हाताळावा. बाभळीच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार. डहाणू-जव्हारकडच्या वारली बाया लग्नाचा चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, सारवलेल्या भिंतीवर. त्याच परंपरेतले जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. साहित्याच्या किमतीवर चित्राची किंमत ठरत नाही.

आणि मातीला तर आपल्याकडे तोटा नाही. बेंदराला मातीचे बैल विकत आणण्याची जी नवी चाल पडली आहे, ती निदान शाळेत तरी मोडावी. गाळाची माती चाळून, भिजवून, तुडवून घ्यावी. तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात थोडा कापूस किंवा बगॅसचा बारीक भुसा मिसळावा. घरच्या बैलाच्या वशिंडाला हात लावून आलेले पोर मातीत जे वशिंड वळते ते साच्यातून निघत नाही. दिवाळीतला किल्ला हीही तीच विद्या. उतार, पायऱ्या, तटबंदी, पाणी कुठून जाईल, सगळा विचार मूल स्वतः करते. तयार किल्ला आणून अंगणात ठेवला की हा विचार बाद झाला.

घरी काय करावे, काय करू नये

मुलाने चित्र दाखवले तर "हे काय काढलंस?" असे विचारू नये. त्यात "मला काही कळलं नाही" असा शेरा असतो. "सांग बघू यात काय काय चाललंय," असे म्हणावे आणि ऐकत बसावे. बैलाला पाच पाय निघाले तरी आपण पेन्सिल हातात घेऊ नये. पाहिजे तर गोठ्यात न्यावे, पाय मोजावेत. भावंडांच्या चित्रांची तुलना करू नये. मुलाने माणूस निळा रंगवला तर रंगवू द्यावा. आणि चित्र घडी करून माळ्यावर टाकण्याऐवजी खिळ्याला चार दिवस अडकवावे. घरातल्या भिंतीवर देवाच्या, पुढाऱ्यांच्या आणि बियाण्याच्या कंपनीच्या दिनदर्शिकेशेजारी पोराच्या चित्राला हातभर जागा निघतेच.

तास जातो कुठे?

आता मुख्य मुद्दा. चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो, वर्गात नसतो. गणिताचा भाग मागे पडला, तो तास घ्या. तपासणी आली, तो तास घ्या. दहावीचा सराव आहे, तो तास घ्या. कुणाची तक्रार येत नाही, कारण पालकांनाच तो फुकटचा तास वाटतो. कितीतरी शाळांत चित्रकला शिक्षक निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही आणि गावाने ती मागितलीही नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे सत्ता पालकांच्या हातात आहे. आपण कारखान्याच्या वार्षिक सभेत काट्यावरच्या प्रत्येक किलोचा हिशेब मागतो, आणि मागितलाच पाहिजे. तसाच हिशेब शाळेत मागावा. माझ्या पोराचे चित्रकलेचे महिन्यात तास किती होते, झाले किती, गेले कुठे?

मागण्या फार नाहीत. आठवड्याचे दोन तास जोडून मिळावेत, कारण सुट्या पस्तीस मिनिटांत रंग भिजेपर्यंत घंटा होते. वर्षातून दोनदा तरी मुलांना वही घेऊन बाहेर न्यावे: गुऱ्हाळावर, कुंभाराच्या चाकापाशी, बाजारात, नदीवर. हंगामी मुलांना चित्राच्या तासाला पहिल्या दिवसापासून बसवावे, कारण त्यासाठी मागचा धडा यावा लागत नाही. आणि मुलांची चित्रे गावाला दिसावीत. स्पर्धा नको, पहिला-दुसरा नंबर नको, नुसती मांडावीत. आपल्या गट ऑफिसच्या बाहेर आणि वजनकाट्याजवळ हंगामात शेकडो माणसे तासन्‌तास खोळंबलेली असतात. तिथल्या भिंतीवर दोरी बांधून कार्यक्षेत्रातल्या शाळांची चित्रे अडकवली, तर खर्च दोरीचा आणि चिमट्यांचा. संचालक मंडळाने येत्या हंगामात ही एवढी व्यवस्था करावी, अशी या अंकातून विनंती आहे. शाळांनी विषय एकच द्यावा: आमचे रान.